न फाटणारं फिनाइल

बादलीतलं पाणी पांढरंशुभ्र झालं आणि म्हातारीने मान हलवली.

"नाइ," ती म्हणाली.

शिर्केबाई हातातलं फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या. "बोलली! रेडीजबाई, ऐकलंत ना? दोन महिन्यांत हा दुसरा शब्द."

"पहिला कुठला?"

"वापस. तो मात्र दिवसातून पन्नास वेळा."

जानेवारीचे दिवस होते. सकाळचे साडेआठ वाजले तरी वाशिष्ठीवरचं धुकं निवाऱ्याच्या अंगणातून हलायला तयार नव्हतं. बादलीतून वर येणारं पांढरं आणि दारातून आत येणारं पांढरं एकच आहे, असं मला उगीचच वाटलं. तेव्हा मला असं बरंच काही वाटायचं. रसायनशास्त्र शिकलेली माणसं कोरडी असतात असा एक समज आहे. मी दिवसभर काचेच्या नळकांड्यांत फिनाइलचे ढग उतरताना बघत बसायचे, आणि ही मुलगी काम करतेय की डुलक्या काढतेय हे आमच्या मालकांनाही नक्की सांगता येत नसे.

चिपळूणजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. फिनाइल, हात धुवायचा साबण, संडास साफ करायचं आम्ल, एवढाच पसारा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी महिला निवाऱ्याला फिनाइलच्या बाटल्या पोचवायचे. मालकांचा तो दानधर्म होता आणि माझी कामातून पळवाट. शिर्केबाई निवारा सांभाळायच्या. त्यांच्या हातचा आल्याचा चहा प्यायला मिळायचा, जगाच्या गोष्टी व्हायच्या. त्या दिवशी मी नव्या बाटल्या आणल्या होत्या आणि शिर्केबाईंना कौतुकाने बादलीत टोपणभर ओतून दाखवत होते.

म्हातारी खांबाला टेकून बसली होती. बारीक चणीची, कपाळावर हिरवं गोंदण, दंडात चांदीचं कडं. नोव्हेंबरात स्टेशनच्या बाकावर आडवी झालेली सापडली, उशाशी एक पिशवी. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हलका झटका आलाय; शब्द आत आहेत, पण जिभेपर्यंतचा रस्ता बंद झालाय. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. निवाऱ्यातल्या बायका तिला स्टेशनआजी म्हणायच्या.

"वापस म्हणते म्हणजे विदर्भातली, एवढं हवालदारालाही कळलं," शिर्केबाई म्हणाल्या. "घरी वापस जायचंय बिचारीला. पण विदर्भ म्हणजे काय आपली चिंचनाक्याची गल्ली आहे, हाक मारून बघायला? आणि आता शुक्रवारी तिला नेणार."

"कुठे?"

"सरकारी वसतिगृहात. आम्हाला दोन महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. तिथं चारशे बायका आहेत गो. एकदा तिथल्या फायलीत गेली की कोण शोधणार तिचं घर? शुक्रवारपर्यंत काही समजलं तर समजलं."

म्हातारी उठली. भिंतीला धरून बादलीपर्यंत आली, वाकली, आणि तिने एक बोट त्या पांढऱ्या पाण्यात बुडवलं. अंगठ्यावर घासलं. नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघून, एखाद्या शिकाऊ पोरीची चूक दाखवावी तशी म्हणाली, "फाटत नाइ."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. कारण फिनाइल फाटतं हे ठाऊक असलेली माणसं चिपळुणात दोनच होती. एक मी आणि दुसरे आमचे मालक.

आमच्याकडचं पाणी मऊ. त्यात कुठलंही फिनाइल टाका, दूध होतं. पण घाट चढून वर गेलं की पाण्याचा स्वभाव बदलतो. जड पाण्यातले क्षार फिनाइलमधल्या साबणाला धरतात, दुधाच्या जागी चोथा होतो आणि तेल वर तरंगत राहतं. त्याला आम्ही फाटणं म्हणायचो. वरच्या जिल्ह्यांतून तक्रारी आल्या तेव्हा मालकांनी मला दोन वर्षं जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवलं. तिथलं पाणी आणायचं आणि तिथे लोक काय वापरतात त्याची बाटली आणायची. मला वाटलं होतं, फिनाइल ते फिनाइल. पण दर पन्नास कोसांवर त्याची कृती बदलत होती. आमच्याच कोकणात एकजण काजूच्या टरफलांचं तेल घालायचा. कृष्णाकाठी दूध डेअऱ्यांमुळे लोकांना काळं, डांबराचं फिनाइलच खरं वाटायचं. नगरच्या बाजूला गवती चहाचा वास, सोलापुरात कुणी हिरवा रंग घातलेला. माझ्या प्रयोगशाळेच्या फळीवर एक्केचाळीस बाटल्या ओळीने उभ्या होत्या. दुपारी एकेक झाकण उघडून डोळे मिटले की मी त्या त्या गावच्या एखाद्या ओल्या फरशीवर उभी असायचे.

आणि मग मी न फाटणारं फिनाइल केलं. साबण काढून दुसरंच द्रव्य वापरलं, आणि कितीही जड पाण्यात त्याचं दूध होऊ लागलं. मालक सावर्डेकर इतके खूश झाले की त्यांनी कारखान्यात पेढे वाटले. मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "शलाका, आता ह्यातलं पाइनचं तेल निम्मं कर. पांढरं झालं की गिऱ्हाईक खूश. आत औषध किती आहे हे कोण बघतंय?"

मी केलं. जंतूंच्या चाचणीच्या काचेच्या ताटल्यांत दुसऱ्या दिवशी बारीक ठिपके उगवले होते, भरपूर. त्या ताटल्या मी खणात ठेवून दिल्या. दसऱ्याच्या सुमाराला पहिला माल अकोल्याकडे रवाना झाला.

हे सगळं मी शिर्केबाईंना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "हिच्या घरी फिनाइल फाटतं. हिला घर आठवतंय. मी उद्या येते."

दुसऱ्या दिवशी मी फळीवरच्या सात बाटल्या आणि मोठ्या कॅनमध्ये पाणी घेऊन गेले. सातही विदर्भातल्या. शिर्केबाईंनी अंगणात चटई टाकली. धुक्यातून ऊन नुकतं गाळून येत होतं. निवाऱ्यातल्या बायका कामं टाकून भोवती बसल्या. मी एकेक झाकण उघडून म्हातारीच्या नाकाशी धरू लागले.

पहिल्या बाटलीला तिने तोंड फिरवलं. दुसरी काळी होती, तिला ठसका लागला. तिसरी, चौथी नुसती हुंगून बाजूला केली. पाचवी उघडली आणि ती थांबली.

तिने ती बाटली माझ्या हातातून घेतली. दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली. संत्र्याच्या सालीचा वास अंगणात पसरला. आम्ही सगळ्या चिपळूणच्या धुक्यात बसलो होतो आणि ती मात्र तिथे नव्हती. तिच्या डाव्या हाताची बोटं हलत होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती फडकं पिळत होती.

"अगो बाय," शिर्केबाई डोळे पुसत म्हणाल्या, "गेली की ही घरी."

मी त्या बाटलीतलं थोडं निवाऱ्याच्या नळाच्या पाण्यात ओतलं. दूध झालं. म्हातारीचा चेहरा पडला. मग मी कॅन उघडला. अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध एक मोठा पट्टा आहे, खारपाणपट्टा म्हणतात त्याला. तिथे विहिरीचं पाणी खारट आणि भयंकर जड. माझ्याकडचा त्याचा साठा केव्हाच संपला होता, म्हणून रात्री वहीत बघून, मोजून क्षार घालून मी तसंच पाणी तयार केलं होतं. ते भांड्यात घेतलं आणि टोपणभर फिनाइल सोडलं.

क्षणभर पांढरं झालं. मग त्या पांढऱ्याला भेगा गेल्या, त्याचे तुकडे झाले, तुकडे गोळा होऊन वर आले आणि कडेने पिवळं तेल चमकायला लागलं.

म्हातारी हसली. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते हसू अगदी पोरीचं वाटलं. तिने वरचा चोथा बोटाने उचलून मला दाखवला आणि अडखळत, एकेक शब्द जणू आडातून ओढत म्हणाली, "घान. पान्यातली. भाईर."

तेव्हा मला समजलं. मी दोन वर्षं जिच्याशी झगडत होते ती खोड तिच्या लेखी गुण होता. फिनाइल फाटलं म्हणजे त्याने पाण्यातली घाण ओढून बाहेर काढली. न फाटणारं फिनाइल म्हणजे कामचुकार फिनाइल. किती सरळ आहे बघा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पूर्ण चूक आणि तरी ऐकायला किती पटणारं.

बाटलीवर हाताने चिकटवलेली चिठ्ठी होती: देविदास उमाळे, दर्यापूर. खाली दुकानाशेजारचा एक फोन नंबर. निवाऱ्याच्या फोनवरून तिसऱ्या प्रयत्नात उमाळे आले.

"म्हातारी?" ते ओरडून बोलत होते, लाइन खराब होती. "कपायावर गोंदन? दंडात कडं? अहो बाई, ते तं अंजनाबाई गावंडे, पळसखारची! पंधरा वर्साचं गिऱ्हाईक हाय माह्यं. गेल्या दोन महिन्यांपासून गायब हाय. तिचा पोरगा सहदेव तिले शोधत शेगावले गेला, नाशकाले गेला, आता म्हने नांदेडले हाय. कुठी सापडली?"

"चिपळूणला."

"ते कुठी आलं?"

"कोकणात. समुद्राकडे."

"समुद्राकडे काऊन गेली असंल बाप्पा," ते म्हणाले. मग थोड्या पडेल आवाजात: "मी बी दसऱ्यापासून पळसखारले गेलो नाइ. दुकानात कंपनीचं फिनाइल आलं ना, माह्या फेरा बंद झाला तिकडचा."

मी घाईने विषय बदलला. "मुलगा नांदेडला असेल तर तिला न्यायला कोण येईल?"

"कोन येईन? सून घरी एकली हाय, ते बी वल्ली बाळंतीन. तुम्हीच आना. मी अकोल्याच्या टेसनावर जीप घेऊन उभा राह्यतो."

अकोल्याच्या विक्रेत्याला मला एकदा भेटायचंच होतं. मालकांना तेवढंच कारण सांगितलं. गुरुवारी सकाळी, सरकारी गाडी यायच्या आदल्या दिवशी, मी म्हातारीला न्यायला गेले.

शिर्केबाईंनी तिला नवं लुगडं नेसवलं होतं. निघताना तिने त्यांचा हात सोडवून घेतला, मोरीकडे गेली आणि फळीवर ओळीने ठेवलेल्या आमच्या फिनाइलच्या बाटल्या एकेक करून उचलून बघायला लागली. मागून एक अर्धी रिकामी काढली आणि छातीशी धरली.

"अगो, ती कशाला?" शिर्केबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "नेऊ दे. तुमचीच आहे."

माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. आपण केलेल्या वस्तूवर एखाद्याने एवढा जीव लावावा. मी मनात म्हटलं, दोन महिने ह्याच फरशीवर राहिली, ह्याच वासाची सवय झाली, आता तो वास सोबत नेतेय.

पनवेलला गाडी बदलली. दुपारभर ती खिडकीशी बसून होती, बाटली मांडीवर. घाटातल्या बोगद्यांत डब्यात अंधार झाला की तिचा हात बाटलीच्या झाकणावर जायचा, उजेड आला की खाली यायचा. समोरच्या बाईने विचारलं, "आजी, औषध आहे का?" तर तिने मान जोरात हलवली आणि म्हणाली, "नाइ."

"फिनाइल आहे," मी म्हणाले. "ह्यांना फार आवडतं."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी तिच्या खांद्यावरून शाल सारखी केली आणि म्हणाले, "वापस जातोय आपण, आजी. घरी वापस."

"वापस," ती म्हणाली आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"राहू दे तुमच्याकडेच," मी म्हणाले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने उसासा टाकून बाटली परत मांडीवर ठेवली.

सकाळी मला जाग आली तेव्हा बाहेर सगळं सपाट होतं. डोंगर कुठेतरी मागे राहिले होते. वेचून झालेल्या पऱ्हाटीला राहिलेला कापूस चिकटला होता. अकोल्याला उतरून उमाळ्यांच्या जीपमधून आत आत जाऊ लागलो तशी काळ्या मातीवर बारीक पांढरी साय दिसायला लागली. बांधावर, खड्ड्यांच्या कडेला, विहिरींच्या काठांवर. मीठ होतं ते. मी दोन वर्षं हे पाणी नळकांड्यात पाहिलं होतं; ते ज्या जमिनीतून येतं ती ऊन पडल्यावर अशी मंद चमकते हे माहीत नव्हतं. उमाळे साठीचे, गप्पिष्ट गृहस्थ. ते बोलत होते आणि मी ऐकता ऐकता गुंगत होते. म्हातारी मात्र पुढे सरसावून बसली होती.

पळसखार म्हणजे पन्नास-साठ घरं. जीप थांबली ती एका मातीच्या भिंतींच्या, पुढे पत्र्याची पडवी काढलेल्या घरासमोर. आतून एक तरुण बाई धावत आली, डोक्याला फडकं बांधलेलं, आणि "आत्याबाई" म्हणून म्हातारीच्या गळ्यात पडली. ती सून, मंदा. ती रडत होती, शेजारच्या बायका रडत होत्या, मीही रडत होते. आतून तान्ह्या बाळाचा आवाज आला.

फक्त म्हातारी रडत नव्हती. ती पायरीपर्यंत गेली आणि थांबली. आत जाईना. मंदाने हात धरला, तर तिने सोडवून घेतला. बाटली दोन्ही हातांत घट्ट.

"आपलंच घर हाय, आत्याबाई," मंदा म्हणाली. "नातू झाला तुमाले. महिन्याचा हाय. या न आत."

"नाइ."

शुक्रवार होता. चिपळूणला ह्याच वेळी निवाऱ्याच्या दारात ती गाडी उभी असेल, असं माझ्या मनात आलं. एवढ्या लांब आणून ही घरात पाऊल टाकत नसेल, तर मी हिला कुठे नेणार होते?

आणि मग मंदाची नजर बाटलीवर गेली.

"अवो माय," ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अजून हे शिशी हातातच हाय?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"ह्या शिशीपायीच तं गेल्या त्या." मंदा पायरीवरच बसली. "दिवायीच्या आधी माह्यी बाळंतपनाची खोली साफ कराची होती. उमाळेभाऊ येनं बंद झाले होते, मंग दुकानातून हे आनलं. बादलीत टाकलं तं दूध झालं. मी म्हटलं, चांगलं तं हाय, कसं पांढरंफेक. आत्याबाई म्हने, फाटलं नाइ, नकली हाय. त्याहिचं पहिलं लेकरू बाळंतिनीच्या खोलीतच गेलं होतं, आठव्या दिवशी. तवापासून खोलीच्या सफाईत त्या कोनाचंच ऐकत नाइत. दुकानात गेल्या वापस कराले. दुकानदार म्हने, मी थोडी बनवतो, मावशी? शिशीवर पत्ता लिहेल हाय, तिकडं नेऊन द्या. मस्करी केली हो त्यानं. पन आत्याबाई चौथी शिकेल हायत. पत्ता वाचता येते त्याहिले."

मी म्हातारीच्या हातातली बाटली बघितली. चिठ्ठीवरचा पत्ता मला बघायची गरज नव्हती. तो मीच लिहून दिला होता छापायला. खाली, तक्रारीसाठी ह्याच पत्त्यावर संपर्क साधावा, अशी एक ओळही होती.

"आमाले वाटलं, पोरीकडे मूर्तिजापूरले गेल्या असतीन," मंदा म्हणत होती. "कोनाच्या सपनात बी नाइ आलं का खरंच त्या पत्त्यावर गेल्या म्हनून."

ती घरी जायला निघालेली नव्हतीच कधी. ती तक्रार घेऊन आली होती. अडीचशे कोस, कोण जाणे किती गाड्या बदलत, आमच्या स्टेशनपर्यंत पोचली आणि तिथे तिच्या डोक्यातले शब्द बंद झाले. कारखाना तिथून अर्ध्या तासावर. पिशवीतली बाटली शिर्केबाईंनी मोरीतल्या फळीवर ठेवली असणार, आमच्याच बाटल्यांच्या ओळीत. आणि दोन महिने ती ज्याला त्याला सांगत राहिली, हे वापस घ्या. मलाही सांगितलं. गाडीत तीनदा बाटली पुढे केली आणि मी म्हणाले, राहू दे तुमच्याकडेच.

मला लाज वाटली. खणातल्या ताटल्या डोळ्यांपुढे आल्या आणि त्यांतले ठिपके.

"उमाळेकाका," मी म्हणाले, "तुमच्या जीपमध्ये तुमचं फिनाइल आहे का?"

होतं. शेजारच्या बाईने विहिरीचं पाणी आणलं. उमाळ्यांनी बादलीत फिनाइल सोडलं आणि संत्र्याचा वास उठला. पांढरं झालं, थबकलं, फाटलं. म्हातारी वाकून बघत होती. पूर्ण फाटेपर्यंत बघत राहिली, मग मंदाकडे पाहून हनुवटीने खोलीकडे खूण केली. मंदाने पदर खोचला. बाळाला शेजारणीकडे दिलं, बादली उचलली आणि आत गेली. फरशी पुसल्याचा आवाज येत राहिला. आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे, जणू देवळाचं दार उघडायची वाट बघत होतो.

फाटलेलं फिनाइल नीट काम करत नाही, हे मी तिला सांगू शकले असते. मी ते सांगितलं नाही. सांगायचं होतं ते वेगळंच होतं.

"आजी," मी म्हणाले, "हे फिनाइल मी केलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी मला त्या बघण्याचा अर्थ लागला.

"तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. ह्यात औषध कमी आहे. नुसतं पांढरं होतं. मला ते माहीत होतं."

उमाळे माझ्याकडे वळून बघायला लागले. हे वाक्य मी पुढच्या सोमवारी मालकांसमोर पुन्हा म्हणाले, ताटल्या टेबलावर मांडून, आणि त्या महिन्याच्या अखेरीला माझी नोकरी गेली. पण ते तिथे म्हणायला अवघड नव्हतं. इथे, त्या पायरीसमोर, अवघड होतं.

म्हातारीचे ओठ हलले. शब्द येत होते, अडत होते, पुन्हा येत होते. कुणी घाई केली नाही.

"दुधाले," ती म्हणाली, "म्हैस हाय घरी."

आणि तिने बाटली पुढे केली. "वापस."

मी दोन्ही हातांनी बाटली घेतली. "घेतली, आजी. वापस घेतली."

तिने एकदा माझ्या हातांकडे नीट बघून घेतलं. मग पायातल्या चपला काढून पायरीच्या कडेला सारल्या, शेजारणीकडून नातवाला घेतलं आणि ओल्या फरशीवरून आत गेली.